तोल सावरणारे पाणी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला लागून, त्याच लहान किल्ल्याच्या आवारात, शिवगंगा नावाचे पुरातन तळे आहे. या तळ्याचे पाणी एकेकाळी गोडीसाठी प्रसिद्ध होते आणि नगराला पिण्यासाठी पुरविले जात असे. शहराच्या अंगाखांद्यावरून वेण्णार, वडवार हे कावेरीच्या खोऱ्यातील प्रवाह वाहतात. मंदिराजवळून कल्लणैचा कालवा जातो. तो १९३४ मध्ये पूर्ण झाला, तरी स्थानिक लोक अजूनही त्याला ‘पुदु आरु’ म्हणजे नवी नदी म्हणतात. उत्तरेस तेरा-चौदा किलोमीटरवर तिरुवैयारू येथे प्रत्यक्ष कावेरीचा घाट आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग या प्रदेशात आलेली मराठी घराणी अशा पाण्याच्या सान्निध्यात स्थिरावली आणि पाण्याशी निगडित असलेले तमिळ भूमीचे आचारही त्यांच्या अंगवळणी पडले.

त्यांपैकी दोन आचार येथे महत्त्वाचे आहेत. आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे साधारणपणे ऑगस्टच्या प्रारंभी, ‘आडि पेरुक्कु’ साजरा होतो. नदीला आलेल्या नव्या पाण्याची स्त्रिया पूजा करतात. पुढे सूर्य तूळ राशीत असताना, ऐप्पसि महिन्यात, पहाटेच्या कावेरीस्नानाचा नेम असतो. हा नेम पाळणाऱ्यांत वयस्कर स्त्रियांची संख्या नेहमीच मोठी राहिली आहे.

या स्नानामागील श्रद्धेचा ऊहापोह येथे करावयाचा नाही. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्याकडे पाहण्यासारखे आहे. घाटाच्या पायऱ्या उतरणे, वाहत्या पाण्यात पाय रोवून उभे राहणे, वाकून ओंजळ भरणे, डुबकी घेऊन पुन्हा उभे राहणे आणि ओल्या लुगड्याचा भार सांभाळत पायऱ्या चढणे, या प्रत्येक क्रियेत शरीराचा तोल किंचित ढळतो आणि तत्क्षणी सावरला जातो. घरोघरी नळ आले आणि हा सराव थांबला. नळ आले हे उत्तमच झाले. घागरी वाहून ज्यांच्या कमरा वाकल्या, त्यांना घाटाच्या गोडव्याची कौतुके सांगू नयेत. शिवाय शेवाळलेल्या पायरीवरून घसरून जायबंदी झालेल्या स्त्रियाही कमी नसतील. तथापि घाटावर पाण्याच्या सहवासात होणारा तोलाचा व्यायाम सुरक्षित स्वरूपात परत मिळविता येतो. जलव्यायाम या नावाने तो आता जगभर अभ्यासला जातो. ज्येष्ठ स्त्रियांना त्याचा विशेष उपयोग का आहे आणि तंजावरसारख्या पाणीदार गावातही त्यासाठी योग्य पाणी शोधावे का लागते, हे समजून घेणे इष्ट ठरेल.

पडण्याची किंमत

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. वैद्यकीय उपचार घ्यावे लागतील इतक्या गंभीर स्वरूपाच्या पडण्याच्या घटना दरवर्षी सुमारे ३ कोटी ७३ लाख होतात. मृतांमध्ये साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घटते आणि हाडांची झीज वेगाने होऊ लागते. पंचेचाळीशीत ज्या पडण्याने गुडघा खरचटला असता, त्याच पडण्याने पंचाहत्तरीत खुब्याचे हाड मोडते. खुब्याचे हाड मोडणे म्हणजे शस्त्रक्रिया, अंथरूण, कुबडी किंवा वॉकर आणि घरातील कोणातरी एकाचे कित्येक महिने. त्यातून उठलेल्या सर्वच स्त्रिया पूर्वीइतक्या मोकळेपणाने चालू शकतात असे नाही. काहींना उंबऱ्याबाहेर पडण्यासाठी कायमची सोबत लागते.

याहून सूक्ष्म हानी न पडताही होते. एकदा पाय घसरला, थोडक्यात बचावले, की मनात धास्ती बसते. मग मंदिराच्या पायऱ्या टाळल्या जातात, बाजाराची पिशवी दुसऱ्याच्या हाती जाते, बँकेत सुनेला पाठविले जाते. चालणे कमी झाले की मांड्यांचे स्नायू आणखी दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंमुळे पडण्याची शक्यता वाढते. म्हणजे जी सावधगिरी पडणे टाळण्यासाठी स्वीकारली, तीच पडण्यास कारण होऊन बसते. वृद्धत्वाच्या प्रश्नांचा विचार करताना या दुष्टचक्राकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

तोल कोण सांभाळतो

सरळ उभे राहणे ही स्थिर अवस्था वाटत असली तरी प्रत्यक्षात उभे शरीर अखंड किंचित डोलत असते. मेंदूला या डोलण्याची वार्ता तीन ठिकाणांहून मिळते. डोळे आजूबाजूच्या वस्तूंच्या संदर्भात शरीराची स्थिती सांगतात, अंतर्कर्णातील द्रवाने भरलेल्या नलिका डोक्याची हालचाल टिपतात, आणि तळपाय, घोटे व गुडघे यांतील संवेदना जमिनीचा चढउतार कळवितात. या तिन्ही वार्तांचा मेळ घालून मेंदू स्नायूंना आज्ञा देतो. लहानसा झोका असेल तर घोट्यावरच तो सावरला जातो. मोठा असेल तर कमरेतून शरीर वळते, आणि तेही पुरले नाही तर पाऊल पुढे टाकले जाते. धक्का लागल्यापासून हे पाऊल पडेपर्यंत हाती असतो तो सेकंदाहून कमी काळ.

वयोमानानुसार तिन्ही दूत मंदावतात. मोतीबिंदूमुळे दृष्टी धूसर होते, मधुमेहामुळे तळपाय बधिर होतात, रक्तदाबाच्या काही औषधांमुळे झटकन उठताना चक्कर येते. रात्री दिवा न लावता न्हाणीघराकडे जाणाऱ्या आजींचे डोळे त्या वेळी निरुपयोगी असतात, फरशी ओली असल्याने तळपायांची वार्ता फसवी असते आणि झोपेतून उठल्यामुळे स्नायू सुस्त असतात. घरातील कितीतरी अपघात याच मार्गाने घडतात.

डोळ्यांचा विषय निघाल्यावर तंजावरचाच एक दाखला आठवतो. सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महाल ही वैद्यकसंस्था उभारली. तेथे देशी व पाश्चात्त्य अशा दोन्ही पद्धतींचा अभ्यास होत असे. नेत्ररोग्यांच्या टिपणांची, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह सजलेली हस्तलिखिते सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जतन केलेली आहेत. रोग्याची स्थिती उपचारापूर्वी काय होती आणि नंतर काय झाली, हे लिहून ठेवण्याची त्या दरबाराची शिस्त आजच्या वैद्यकालाही मान्य होईल. दृष्टी आणि तोल यांचा संबंध किती निकटचा आहे हे इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झालेल्या एका चाचणीने पुढे दाखवून दिले. सत्तरी ओलांडलेल्या ३०६ स्त्रियांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या पहिल्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लवकर उरकली, त्यांच्यात पडण्याचे प्रमाण, शस्त्रक्रियेसाठी थांबून राहिलेल्या स्त्रियांच्या तुलनेत, ३४ टक्क्यांनी कमी आढळले. व्यायामाचा विचार करण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत, हा यातून निघणारा साधा व्यवहार आहे.

पाणी नेमके काय करते

आर्किमिडीजचा सिद्धांत शाळेत सर्वांनीच पाठ केलेला असतो. शरीर जितके पाण्यात बुडते तितके पाणी ते बाजूला सारते आणि त्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल त्याला वर उचलून धरते. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या स्त्रीच्या पायांवर तिच्या वजनाचा साधारण निम्मा भार येतो. पाणी छातीच्या खालच्या टोकापर्यंत आले तर तो एक-तृतीयांशाच्या आसपास उरतो, आणि मानेपर्यंत आले तर दहाव्या हिश्श्याइतकाच. साठ किलो वजनाच्या आजींचे गुडघे कमरेएवढ्या पाण्यात जणू तीस किलोच उचलत असतात. संधिवातामुळे ज्यांना जमिनीवर चार पावले टाकणे जड जाते, त्या पाण्यात विनासायास चालू लागतात त्याचे कारण हेच.

परंतु तोलाच्या दृष्टीने पाण्याचा खरा गुण भार हलका करण्यात नसून वेळ वाढवून देण्यात आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असते. जमिनीवर तोल गेला तर सावरण्यास क्षणार्ध मिळतो. पाण्यात शरीर सावकाश कलते, आणि त्या अवधीत मेंदूला चूक उमगते, घोटा वळतो, पाऊल टाकता येते. पाऊल चुकलेच तरी खाली फरशी नसून पाणी असते. म्हणून जी गोष्ट जमिनीवर मुद्दाम करण्याचे धाडस कोणीही वृद्धेला करू देणार नाही, ती म्हणजे तोल हेतुपुरस्सर घालविणे आणि पुन्हा मिळविणे, तिचा सराव पाण्यात शंभर वेळा करता येतो. चुकण्याची मुभा असल्याशिवाय कोणतेही कौशल्य शिकता येत नाही. सत्तरीनंतर ही मुभा जमीन देत नाही, पाणी देते.

दुसरा गुण अवरोधाचा. पाण्यात हात किंवा पाय जितक्या वेगाने हलवावा त्याच्या वर्गाच्या प्रमाणात विरोध वाढतो. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट होतो. त्यामुळे लोखंडी वजनांची गरज उरत नाही. दुबळ्या स्त्रीने हळू हलविले तर तिला हलका व्यायाम होतो, सशक्त स्त्रीने वेगाने हलविले तर कठीण. पाण्याचा दाब पायांवर चारही बाजूंनी सारखा पडत असल्याने घोट्यांवरची सूज काहीशी उतरते. शिवाय शेजारून कोणी चालत गेले तरी पाण्यात लाट उठते आणि स्थिर उभ्या असलेल्या स्त्रीला ती हलकेच ढकलते. हा न सांगता आलेला धक्का तोलाला सर्वांत मोलाचे शिक्षण देतो.

जलचिकित्सेची आधुनिक परंपरा फार जुनी नाही. लंडनमधील हॅलिविक या अपंग मुलींच्या शाळेत जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ पासून विकसित केलेली पद्धत पाण्यातील तोल आणि श्वासनियंत्रण यांवर आधारलेली आहे. जपानमधील जुन कोन्नो यांनी १९९० च्या दशकात ‘आय ची’ ही, छातीएवढ्या कोमट पाण्यात उभे राहून संथ श्वासाबरोबर हातपाय हलविण्याची पद्धत सुरू केली. आपल्याकडील प्राणायामाशी परिचित असलेल्या स्त्रियांना ती परकी वाटू नये.

पुरावा किती आणि कोठवर

आरोग्यविषयक लेखनात उत्साहाच्या भरात पुष्कळ काही सांगितले जाते, म्हणून पुराव्याची मर्यादा स्पष्ट असलेली बरी. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये २५ देशांतील १०८ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात २३ हजारांहून अधिक ज्येष्ठ नागरिकांचा समावेश होता. त्यांचे सरासरी वय ७६ वर्षे होते आणि तीन-चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया होत्या. नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असा त्याचा निष्कर्ष आहे. यांतही तोल आणि दैनंदिन हालचालींवर भर देणारे व्यायाम विशेष परिणामकारक ठरले. हा आढावा व्यायामाविषयी सर्वसाधारण आहे, केवळ जलव्यायामाविषयी नव्हे.

जलव्यायामाविषयी थेट बोलणारा एक लहान पण नेटका अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हाडे विरळ झालेल्या, पासष्ट व त्याहून अधिक वयाच्या ५० स्त्रिया होत्या. त्यांतील एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, एकेक तास पाण्यात व्यायाम केला आणि त्याबरोबर स्वतःची काळजी कशी घ्यावी याचे धडे घेतले. दहा आठवड्यांनंतर या स्त्रियांचा तोल आणि जीवनमान दोन्ही सुधारले. पडण्याची भीती मात्र उल्लेखनीय प्रमाणात कमी झाली नाही. हा शेवटचा निष्कर्ष निराशाजनक वाटेल, परंतु तोच अधिक शिकवून जातो. शरीर दहा आठवड्यांत शिकते, मनाला त्याहून अधिक काळ लागतो. कॅनडात खुब्याच्या संधिवाताने त्रस्त ज्येष्ठांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाण्यातील व्यायामाला पडणे कसे टाळावे याच्या शिकवणुकीची जोड दिलेल्या गटाचा आत्मविश्वास आणि हालचाल सुधारल्याचे दिसले. केवळ पाण्यात उतरून भागत नाही. का उतरायचे हेही कळावे लागते.

पाण्याची एक उणीवही नमूद केली पाहिजे. हाड भाराने बळकट होते आणि पाणी तर भार काढून घेते. त्यामुळे हाडांच्या घनतेसाठी जमिनीवरचे चालणे, जिना चढणे, वैद्यांच्या सल्ल्याने कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांना जलव्यायाम हा पर्याय होऊ शकत नाही. पाण्यात कमावलेला तोल अखेर जमिनीवरच वापरायचा असतो. म्हणून घरी ओट्याला हात टेकून एका पायावर काही क्षण उभे राहणे, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे, असा थोडा सराव जोडीला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ज्येष्ठांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि शक्ती यांवर भर देणारा संमिश्र व्यायाम करावा असे सांगितले आहे. दोन दिवस पाणी आणि एक-दोन दिवस घर, अशी वाटणी बहुतेकींना झेपण्यासारखी आहे.

पाण्यातील एक तास

पोहता येणे मुळीच आवश्यक नाही. पाणी कमर आणि छाती यांच्या दरम्यान असावे, तळ सपाट व न घसरणारा असावा आणि काठाला धरता येईल असा कठडा असावा. उतरताना कठडा धरून, पाठ पाण्याकडे करून, शिडी उतरल्याप्रमाणे एकेक पायरी उतरावी.

पहिली दहा मिनिटे केवळ चालण्यात घालवावीत. आधी पुढे, मग उलट पावली, मग बाजूला. उलट पावली चालणे जमिनीवर धोक्याचे आणि म्हणूनच पाण्यात शिकण्यासारखे आहे. त्यानंतर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवीत सरळ रेषेत चालावे. पाण्यातून खाली पाहिले तर पाय वाकडेतिकडे व जवळ दिसतात. नजर समोर ठेवून पाऊल कोठे पडते आहे हे पावलालाच ओळखू द्यावे. याने तळपायांची आणि सांध्यांची मंदावलेली संवेदना कामाला लागते. पुढे कठड्याजवळ एका पायावर उभे राहून दुसरा गुडघा उचलणे, पाय पुढे-मागे-बाजूला झुलविणे, टाचा उचलणे, भिंतीला पाठ लावून अर्धे बसून उठणे. हात प्रथम कठड्यावर, मग कठड्याच्या वर हवेत, अखेर छातीवर घट्ट. ही क्रमवारी आठवड्यांत बदलत जाते, एका दिवसात नव्हे.

तोलाचा खरा पाठ शेवटच्या भागात येतो. दोघी समोरासमोर उभ्या राहून एक हाताने पाणी ढवळते आणि दुसरी त्या लाटांत स्थिर राहण्याचा प्रयत्न करते. चालता चालता शिक्षिकेने ‘थांबा’ म्हटले की थांबणे, ‘वळा’ म्हटले की वळणे. पाण्यावर तरंगणारा चेंडू हात लांबवून, पाय न हलविता उचलणे. या खेळांत हशा पिकतो. अनेक वर्षांत आपण धक्का खाऊनही पडलो नाही, असा अनुभव येथे प्रथम येतो. भीतीवर उपाय असेल तर तो उपदेशात नसून बहुधा या अनुभवाच्या पुनरावृत्तीत असावा.

तंजावरचे पाणी

येथे तंजावरचा पेच समोर येतो. कालव्यात आणि नद्यांत पाणी असते ते मेट्टूर धरणातून सोडल्यावर. प्रथेनुसार १२ जूनला धरण उघडते आणि २८ जानेवारीला बंद होते. त्यातही साठ्यानुसार बदल होतो. उरलेल्या महिन्यांत पात्रे कोरडी किंवा क्षीण असतात. पाणी असते तेव्हा कालव्याचा प्रवाह वेगवान आणि काठ उतरता असतो. पोहणाऱ्या तरुणालाही जेथे जपून उतरावे लागते, तेथे तोल कच्चा असलेल्या स्त्रीने व्यायामाच्या हेतूने पाऊलही टाकू नये. शिवगंगेचे तळे शांत पण खोल आहे. नगरातील जुन्या कुळांचे, म्हणजे पायऱ्यांच्या तळ्यांचे, पाणी ऋतूनुसार उतरते आणि पायऱ्यांवर शेवाळ साचते.

तरीही त्या पायऱ्यांच्या रचनेकडे बारकाईने पाहावे. प्रत्येक पायरी म्हणजे पाण्याची एक वेगळी खोली. उंच स्त्री चौथ्या पायरीवर उभी राहील, ठेंगणी तिसऱ्या. जिला भीती वाटते ती दुसऱ्यावर थांबेल आणि महिन्याभराने एक पायरी खाली जाईल. आधुनिक जलचिकित्सा केंद्रांत तळ वरखाली करण्यासाठी यंत्रे बसवितात. दगडी कुळ बांधणाऱ्यांनी हे काम पायऱ्यांनी साधले होते. नव्या तरण तलावांचे आराखडे करणाऱ्यांनी हा विचार उचलण्यासारखा आहे, अर्थात खडबडीत पृष्ठभाग आणि दोन्ही बाजूंना कठडे घालूनच.

सध्याच्या परिस्थितीत व्यवहार्य मार्ग उथळ भाग असलेल्या तरण तलावाचाच आहे. चिकित्सेसाठी पाणी ३२ ते ३४ अंश सेल्सियस उष्णतेचे असावे असे मानतात. थंड प्रदेशांत त्यासाठी पाणी तापवावे लागते. तंजावरच्या उन्हाळ्यात ते काम बरेचसे सूर्य करतो. तलाव असतो, पण वेळ नसते. सकाळ स्पर्धकांची आणि संध्याकाळ मुलांची. दुपारी अकरानंतर किंवा चारपूर्वी, जेव्हा बहुतेक तलाव रिकामे असतात, तेव्हा आठवड्यातून दोन तास ज्येष्ठ महिलांसाठी राखून ठेवले आणि एक प्रशिक्षित महिला उपलब्ध करून दिली तर नवीन बांधकामाची गरजच पडणार नाही. उघड्या तलावात उन्हाचा विचार करून छत किंवा सावली पाहावी.

पोशाखाचा संकोच हा फार खरा अडसर आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. साडी पाण्यात पायांना गुंडाळते, तिचा भार वाढतो आणि ती सावरण्यातच लक्ष जाते; म्हणून श्रद्धेच्या स्नानाला ती ठीक असली तरी व्यायामाला नाही. अंग पूर्ण झाकणारे, अंगाबरोबरचे पोहण्याचे कपडे आता सहज मिळतात. केवळ स्त्रियांसाठी राखीव वेळ असली की हा प्रश्न निम्मा सुटतो. उरलेला निम्मा पहिल्या दिवशी एखादी मैत्रीण बरोबर असली की सुटतो.

खर्च आणि आधार

ज्यांना तलावापर्यंत जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी तामिळनाडूत एक सोय आहे. राज्य सरकारने ५ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ या योजनेत आरोग्य कर्मचारी घरी येतात आणि गरजूंना घरच्या घरी फिजिओथेरपीही दिली जाते. पाण्यात उतरण्यापूर्वी काही आठवडे घरी स्नायू सुधारून घेण्यास तिचा उपयोग होऊ शकतो. केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर व त्याहून अधिक वयाच्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न लावता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन संरक्षण मिळू शकते. खुब्याची शस्त्रक्रिया अचानक उद्भवते, म्हणून कार्ड आधी काढून ठेवावे. खासगी आरोग्य विमा असल्यास सांधेबदलासारख्या शस्त्रक्रियांना प्रतीक्षा कालावधी आहे का, हे पत्रकात वाचून घ्यावे. अपघाताने मोडलेले हाड आणि झिजलेला सांधा यांना विमा कंपन्या वेगवेगळे नियम लावतात.

बँकेच्या पायऱ्यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल मार्ग उपलब्ध आहे, आणि सत्तरीपुढील ग्राहकांना रोख रक्कम, धनादेश पुस्तिका, हयातीचा दाखला अशा मूलभूत सेवा घरपोच देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सूचना दिल्या आहेत. ज्यांना चालवत नाही त्यांनी या सोयींचा हक्काने लाभ घ्यावा. ज्यांना चालवते त्यांनी मात्र शाखेत यावे. ती चार पावलेही व्यायामच आहेत.

उतरण्यापूर्वी आणि बाहेर येताना

वैद्यकीय सल्ला प्रथम. हृदयाचे कार्य मंदावलेले असल्यास छातीएवढे पाणी धोक्याचे ठरू शकते, कारण पाण्याच्या दाबाने पायांतील रक्त छातीकडे लोटले जाते. आटोक्यात नसलेला रक्तदाब, अपस्मार, ताप, उघडी जखम, त्वचेचा किंवा डोळ्यांचा संसर्ग असल्यास पाण्यात जाऊ नये. मधुमेहाच्या रुग्णांनी उपाशीपोटी उतरू नये आणि प्रत्येक वेळी पावले तपासावीत. बधिर तळव्याला लागलेले कळत नाही. लघवीवर ताबा राहत नसेल तर डॉक्टरांशी संकोच न करता बोलावे, त्यावर उपचार आहेत. एकटीने कधीही उतरू नये. पाण्यात घाम जाणवत नाही, म्हणून काठावर पिण्याच्या पाण्याची बाटली असावी.

सर्वांत मोठा धोका पाण्यात नसून पाण्याबाहेर पहिल्या दहा पावलांत असतो. तासभर हलके झालेले शरीर शिडी चढताच पुन्हा पूर्ण वजनाचे होते, मांड्या थकलेल्या असतात, रक्तदाब किंचित उतरलेला असतो आणि काठची फरशी ओली असते. म्हणून वर येताना प्रत्येक पायरीवर क्षणभर थांबावे, रबरी तळाच्या चपला पायरीशीच ठेवलेल्या असाव्यात, आणि काठावरच्या बाकावर पाच मिनिटे बसून मगच कपडे बदलण्याच्या खोलीकडे निघावे. ओले कपडे पिळण्यासाठी वाकू नये. ते काम बरोबर आलेल्या व्यक्तीवर सोपवावे.